निळ्या घायपाताच्या गावात

ग्वादालाहारा शहर मागे पडले, मोटार वळणांना लागली आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना घायपात सुरू झाला. घायपात म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? रेल्वेच्या कडेचे कुंपण, नाहीतर एखाद्या उजाड माळावरचा बांध. पाने कुजवून वाख काढावा, वाखाचा दोर वळावा, इतकीच त्याची योग्यता. गुरेदेखील त्याच्याकडे पाठ फिरवून चरतात. इथे मात्र त्याचा थाट निराळा होता. नाशिककडे द्राक्षे लावतात तशा सरळ ओळी, ओळींमधले अंतर मोजूनमापून ठेवलेले, आणि त्या ओळी डोंगराच्या पायथ्यापासून थेट दरीच्या कडेपर्यंत गेलेल्या. रंग म्हणाल तर हिरवा नव्हे; पावसाळी ढगाच्या पोटाला असतो तसा निळसर राखाडी. सकाळच्या उन्हात ते सबंध खोरे समुद्रासारखे दिसत होते.

"बाबा, हीच ती टकीला," सूनबाई म्हणाली. "अजून शेतात उभी आहे."

मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. मेक्सिको हा देश आमच्या क्रमिक पुस्तकात दीड पानात आटोपायचा. चांदी, पेट्रोलियम, मका. की घंटा झालीच. त्या दीड पानात बसली नाही अशी एक गोष्ट मी मुलांना हटकून सांगत असे. वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे देशोधडीला लागून मेक्सिकोत पोचले, तिथल्या शेतकी विद्यालयात त्यांनी शिकवले, मक्यावर संशोधन केले आणि दिएगो रिव्हेरा ह्या थोर चित्रकाराने आपल्या भिंतीवरच्या चित्रात त्यांना स्थान दिले. मुलांना मौज वाटायची. पण घायपाताची दारू होते आणि ती सांगलीपासून टोकियोपर्यंत विकली जाते, हे सांगायची त्या वर्गात सोय नव्हती.

आता मुलगा संगणकाच्या नोकरीनिमित्त ग्वादालाहाऱ्यात आहे, म्हणून २०२५ च्या फेब्रुवारीत आम्ही उभयता तिकडे गेलो. आणि तेकीला हे गाव त्याच्या घरापासून जेमतेम साठ-पासष्ट किलोमीटरांवर. हो, गावाचे नाव तेकीला, आणि गावावरून दारूचे. आपण तिला टकीला म्हणतो. मी ह्या लेखात गावाला तेकीला म्हणणार आहे आणि दारूला टकीला. म्हणजे वाचकांचा घोटाळा होणार नाही आणि माझाही.

पण नुसता गाव बघायला मी गेलो नव्हतो. कामगिरी अंगावर होती. आमचे व्याही मडगावचे. फेणीतला त्यांचा अधिकार मोठा. नुसत्या वासावरून ती मातीच्या भांड्यातली की तांब्याच्या, हे सांगतील. मी मेक्सिकोला निघालो हे कळताच त्यांचा फोन आला. "ती तुमची टकीला मीठ चाटून, लिंबू चोखून, डोळे मिटून गिळतात ना? जी दारू तोंडाला कळू नये म्हणून इतका खटाटोप, ती चांगली कशी असेल, सांगा पाहू!" मग थोडे थांबून म्हणाले, "तरी आणा एक. पण बघून आणा." ह्या 'बघून आणा'मध्ये सगळे आले. डॉक्टरांनी त्यांना रविवारी दुपारी एक लहान पेला, एवढीच मुभा आता ठेवली आहे. म्हणजे एक बाटली सहा महिने पुरणार. माणसाच्या सहा महिन्यांच्या रविवारांची जबाबदारी, आणि तीही मुलीच्या सासऱ्याच्या! दुसरी बाटली जावयासाठी. त्याला मित्रमंडळींत काहीबाही मिसळून प्यायला आवडते. विमानतळावरचे कस्टमवाले दोन लिटरांपलीकडे करमाफी देत नाहीत. तेव्हा बाटल्या दोनच, आणि चुकायला वाव नाही.

(माझ्यापाशी सरकारी परवाना आहे, हे जाता जाता सांगून टाकतो. १९४९ चा दारूबंदीचा कायदा महाराष्ट्रात अजून पुस्तकात आहे आणि प्यायला रीतसर परवाना लागतो, हे पुष्कळ पिणाऱ्यांच्या गावीही नसते.)

गावाच्या अलीकडे एका शेताशी मोटार थांबवली. तिथे तोडणी चालली होती. तोडणाऱ्या गड्याला हिमादोर म्हणतात. त्याच्या हातात लांब दांड्याचे, गोल धारदार पात्याचे हत्यार असते, ते कोआ. घायपाताची तलवारीसारखी पाने तो सपासप उतरवतो आणि आत उरतो तो गड्डा. अननसासारखा दिसतो म्हणून त्याला नावही अननसाचेच, पिन्या. मात्र हा अननस चाळीस-पन्नास किलोंचा, कधी त्याहून जड. हे सगळे हाताने. यंत्राला अजून ही कला साधलेली नाही.

बांधावर शेताचा मालक उभा होता. माझ्याच वयाचा, उन्हाने रापलेला, डोक्याला गवती टोपी. सूनबाईने स्पॅनिशमध्ये ओळख करून दिली. मी म्हटले, पीक छान आले आहे. तो हसला, पण ते हसणे मी ओळखले. लासलगावच्या बाजारात कांद्याच्या ढिगापाशी तसेच हसणे मी पाहिले आहे.

"२०१९ साली लावले," तो म्हणाला. "तेव्हा किलोला पंचवीस-तीस पेसो मिळत. व्यापारी दारात येऊन बसायचे. लोकांनी मका मोडून हे लावले. ज्यांनी जन्मात शेती केली नाही त्या डॉक्टर-वकिलांनीही लावले. आता सगळ्यांचे एकदम तयार झाले."

"आणि भाव?"

"दहाच्या पुष्कळ खाली. करार असेल त्याचे ठीक. माझा करार नाही."

मी त्याला आमच्या कांद्याची कथा सांगितली. सूनबाईने ती भाषांतर करून ऐकवली. त्याने मान डोलावली आणि विचारले, "तुमचा कांदा किती दिवसांत येतो?" चार महिन्यांत, मी म्हटले. "मग तुम्ही सुखी. चार महिन्यांनी पुन्हा नशीब काढून बघता. मला सहा वर्षे थांबावे लागते."

ह्यावर मला काही बोलता आले नाही. २००० सालाच्या सुमारास ह्याच खोऱ्यात घायपाताचा दुष्काळ पडून भाव आकाशाला भिडले होते. मग सगळ्यांनी लावला, मग पडला, मग उपटला, मग पुन्हा टंचाई. सहा-सात वर्षांनी पिकणाऱ्या पिकाचा झोका असा लांबच लांब जातो. त्यातून हा घायपात बियांपासून वाढवीत नाहीत. मुळाशी फुटलेली पिल्ले काढून लावतात, म्हणून सगळी झाडे एकमेकांच्या छापाची. एकाला रोग झाला की सगळ्यांना धास्ती. फुलाचा दांडा वर येऊ लागला की छाटतात, कारण फुलात साखर गेली तर गड्डा रिकामा. त्या फुलांवर जगणाऱ्या वटवाघळांचे मग काय? रॉद्रीगो मेदेयीन नावाचे एक शास्त्रज्ञ ह्यासाठी खटपट करीत असतात की शेतकऱ्यांनी थोडी झाडे तरी फुलू द्यावी. काहींनी ऐकलेही आहे.

गाव लहानसेच आहे. चर्च, चौक, लाल कौले, आणि मागे विझलेला ज्वालामुखी. त्याच्या राखेची ही जमीन. कुएर्व्हो घराण्याला इथे १७५८ साली जमीन मिळाली आणि १७९५ साली स्पेनच्या राजाकडून दारू गाळायचा परवाना. सावसा घराण्याने १८७३ साली आपला कारखाना काढला. दोन्ही नावे आजही दुकानादुकानांतून आहेत. १९७४ साली सरकारने ठरवून टाकले की ठराविक मुलखातली, निळ्या घायपाताची दारू तीच टकीला. बाकीच्यांनी दुसरे नाव शोधावे. ह्या मुलखात हालिस्को प्रांत सगळा येतो आणि शेजारच्या चार प्रांतांचे काही तालुके. गावात प्रवाशांची गर्दी फार. पिंपाच्या आकाराच्या मोटारी करून लोकांना फिरवतात आणि रस्त्यावर मातीच्या मडक्यातून रंगीत पेये देतात. तो भाग मी लवकर आटोपला.

खरा वेळ गेला तो एका जुन्या कारखान्यात. फाटकातून आत पाऊल टाकले आणि मी जागच्या जागी थबकलो. तो वास! कोल्हापूरकडे गुऱ्हाळ लागले म्हणजे शिवारभर जो वास सुटतो, त्यात कोणीतरी रताळी भाजत ठेवली आहेत असे समजा. विटांच्या खोलीएवढ्या भट्टीत गड्डे रचतात आणि दीड-दोन दिवस वाफेवर शिजवतात. कच्चा गड्डा गोड नसतो; शिजताना त्याची साखर होते. भट्टीतला एक तुकडा मला चघळायला दिला. चव काकवीची, आणि चघळून झाल्यावर हातात उरला तो वाख! म्हणजे मूळचा घायपात कुठे गेला नव्हता.

शिजलेले गड्डे पिळून रस काढायचा. पूर्वी ते ताओनाखाली चिरडत. ताओना म्हणजे ज्वालामुखीच्या दगडाचे मोठे जाते, आपल्या चुन्याच्या घाणीचे सख्खे भावंड. बहुतेक ठिकाणी आता लोखंडी लाटा असतात. ताओना थोड्याच कारखान्यांत फिरते. मग रस आंबवायचा आणि दोनदा गाळायचा. पहिल्या गाळणीला ते ओर्दिनारिओ म्हणतात. मी मनात म्हटले, हा तर गोव्याचा उर्राक! दुसऱ्या गाळणीत सुरुवातीचे आणि शेवटचे बाजूला काढून मधले ठेवायचे. इथे गाळणाऱ्याचा हात कळतो. एक लिटर चांगल्या टकीलासाठी साधारण सहा-सात किलो गड्डा लागतो.

भट्टीऐवजी प्रेशर कुकरच्या जातीच्या पोलादी टाक्याही असतात. त्यात काम दिवसाच्या आत होते आणि नीट केले तर मालही चांगला निघतो. तिसरी एक पद्धत आहे. तिच्यात कच्च्याच गड्ड्याचा भुगा करून गरम पाण्याने साखर धुऊन काढतात. उतारा जास्त, खर्च कमी, आणि चवीला पोकळ. कायदेशीर आहे, पण रताळे न भाजता रताळ्याचा वास कुठून येणार?

आता बाटली कशी पारखावी ते सांगतो, कारण पुष्कळांना तेवढेच हवे असेल. बाटलीवर 'शंभर टक्के आगावे' असे शब्द आहेत का, हे आधी बघावे. आगावे म्हणजे घायपात. ते शब्द नसतील आणि नुसते 'टकीला' असेल, तर कायद्याप्रमाणे त्यातली निम्म्याहून किंचित जास्त, म्हणजे ५१ टक्के, साखर घायपाताची असली की पुरे. उरलेली उसाची नाहीतर मक्याची. दुसऱ्या दिवशी कपाळ धरायला लावणारी म्हणून टकीलाची जी कीर्ती आहे, ती बहुतेक ह्या मिश्रणाने मिळवून दिलेली आहे. त्यात 'सोनेरी' म्हणून विकतात त्या बाटल्यांना हा रंग बहुधा पिंपाने दिलेला नसतो, करपवलेल्या साखरेने दिलेला असतो. मला त्या बांधावरच्या गृहस्थाची आठवण झाली. गड्डे शेतात कुजताहेत, आणि बाटलीत उसाची साखर!

शिवाय प्रत्येक बाटलीवर 'नोम' आणि पुढे चार आकडे असतात. तो कारखान्याचा क्रमांक. एकाच क्रमांकावर दहा-दहा नावांच्या बाटल्या निघतात. नाव नटाचे किंवा गवयाचे, कारखाना तोच. तेव्हा नटाकडे न बघता आकड्याकडे बघावे.

मग वयाची गोष्ट. ब्लांको म्हणजे पांढरी, गाळल्यावर पिंपात न मुरवलेली किंवा फार तर दोन महिन्यांच्या आतली. रेपोसादो म्हणजे विसावलेली; निदान दोन महिने ओकच्या लाकडात. आन्येहो निदान वर्षाची, आणि २००६ पासून एक्स्ट्रा आन्येहो म्हणून तीन वर्षांवरची. किंमत ह्याच क्रमाने चढते, आणि आपण लोक समजतो की गुणही त्याच क्रमाने चढतात. मला ते पटले नाही. पिंपात जितकी वर्षे जातील तितका लाकडाचा, व्हॅनिलाचा वास चढतो आणि घायपात मागे सरतो. व्हिस्की आवडणाऱ्याला आन्येहो द्यावी, तो खूष होईल. पण टकीला कशी आहे हे बघायचे असेल तर ब्लांको. तिच्यात लपायला जागा नाही. आणखी एक: कायद्याने थोड्या प्रमाणात, वजनाच्या एक टक्क्यापर्यंत, ग्लिसरीन, पाक, ओकचा अर्क, करपवलेली साखर घालायला मुभा आहे, आणि तसे बाटलीवर सांगावे लागत नाही. पेढ्यासारखा गोड, केकसारखा वास आला की मी तर सावध होईन. आणि बाटलीत अळी? ती टकीलात नसतेच. ती चाल काही मेस्कालवाल्यांची.

कारखान्यातल्या म्हाताऱ्या मुकादमाने मला एक रीत दाखवली. दोन थेंब तळहातावर घ्यायचे, अत्तरासारखे चोळायचे, स्पिरिट उडू द्यायचे आणि मग हुंगायचे. हाताला भट्टीतल्या शिजल्या गड्ड्याचा वास आला तर दारू खरी. प्यायची ती लहान घोटांनी. काबायीतो नावाच्या उभट, चिंचोळ्या पेल्यात देतात. काही ठिकाणी बाजूला सांग्रिता ठेवतात, संत्र्याचा रस आणि मिरची घातलेले एक आंबटतिखट पेय. एक घोट हिचा, एक तिचा. मीठ-लिंबाचे नावही कोणी काढले नाही. ब्लांकोच्या पहिल्या घोटाला मला आधी मिरी लागली, मग कच्च्या गवताचा वास, आणि घसा उतरून गेल्यावर ती काकवी. डोळे मिटावेसे वाटले. पण निराळ्या कारणाने.

मिसळण्यासाठी मात्र महागाची बाटली फोडणे म्हणजे पैठणीचा पडदा करणे. त्याला स्वस्तातली, पण शंभर टक्क्यांचीच, ब्लांको घ्यावी. मार्गारितेचे माप पन्नास मिलिलिटर टकीला, वीस संत्र्याचा लिकर, पंधरा ताज्या लिंबाचा रस. बाटलीतला तयार आंबटगोड रस घातला की सगळे मुसळ केरात. मेक्सिकोतले लोक घरी पालोमा जास्त पितात, म्हणजे पारवा. टकीला, लिंबू, चिमूट मीठ आणि तोरोंहाचा सोडा. तोरोंहा म्हणजे पपनशीचा चुलत भाऊ. गोव्यात गणपतीच्या माटोळीला तोरिंजन बांधतात ना, ते नाव ह्याच घराण्यातले. जावयासाठी मी हे लिहून घेतले.

गावात ला कापिया, म्हणजे 'देवळी', नावाचे एक साधे मद्यगृह आहे. तिथले दोन हावियेर देल्गादो कोरोना टकीला, कोला आणि लिंबू ह्यांचे बातांगा नावाचे पेय करीत आणि ते लिंबू कापायच्या लांब सुरीनेच ढवळीत. ते २०२० साली वारले. दुकान चालू आहे आणि सुरीही तशीच लांब आहे. कोलाविषयी माझे मत काही फार चांगले नाही, तरी अर्धा पेला घेतला. वाईट नव्हते.

बाटल्या शेवटी ग्वादालाहाऱ्यातल्या एका पेठेतल्या दुकानात घेतल्या. तिथल्या कपाटात घोड्याच्या, बंदुकीच्या, कवटीच्या आकाराच्या बाटल्या होत्या. त्या काचेचे पैसे आपण द्यायचे. जावयाला आरांदासची तापातीयो घेतली, ब्लांको. तापातीयो म्हणजे ग्वादालाहारावाला, आपल्या पुणेकरासारखे. व्याह्यांसाठी दुकानदार आन्येहो पुढे करीत होता, आणि आमची मंडळीही म्हणाली की भेट द्यायची तर रंगीत बरी दिसते. पण ज्याने जन्मभर पिंप न पाहिलेली, पाण्यासारखी फेणी प्यायली, त्याला लाकूड कशाला? मी आतोतोनिल्कोची सिएते लेग्वास घेतली, पांढरीच. पांचो व्हिया ह्या बंडखोराच्या घोडीचे ते नाव, आणि तिथे ताओना अजून फिरते.

मडगावला रविवारी दुपारी ती उघडली. व्याह्यांनी आधी बाटली उन्हात धरली. मग मी न सांगताच दोन थेंब तळहातावर घेतले आणि चोळले! फेणीवाल्यांची रीतही तीच असावी. बराच वेळ हात नाकाशी धरून ते बसले. "हा कोणीतरी झाड ओळखणारा माणूस आहे," एवढेच म्हणाले. मी त्यांना बांधावरच्या गृहस्थाची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, आपल्या दख्खनच्या घायपातापासूनही दारू काढली आहे. डेस्मंड नाझरेथ ह्यांनी ती २०११ साली गोव्यात प्रथम विकायला आणली, फक्त तिला टकीला म्हणायची सोय नाही. बांधावर उभे राहून सुकणाऱ्या आपल्या घायपाताला एवढी तरी किंमत आली, हे ऐकून मला बरे वाटले.

मग त्यांनी बाटलीला कागदाची एक पट्टी डकवली आणि पेन्सिलीने तिच्यावर पंचवीस रेघा मारल्या, दर रविवारची एक. परवा विहीणबाईंचा फोन आला होता. रेघा आणि कॅलेंडर ह्यांचा मेळ बसत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे.